सण शिकवताना या चुका टाळा: इंदूरच्या बालवर्गांसाठी

इंदूरच्या बालवर्गात सणांचा पाठ फसतो तो बहुधा तारखांवरून. बाईंनी ‘आज पहिला श्रावणी सोमवार’ म्हटलं की अर्धी मुलं ओरडतात, ‘आमचे तर दोन झाले!’ दोन्ही खरं. मराठी महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. म्हणून सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. शुक्ल पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे एकच असतं, घोळ होतो तो वद्य पक्षात. आपली फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे त्यांची चैत्र कृष्ण पंचमी, पण रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावर एकाच दिवशी निघते.

पहिली-दुसरीत महिन्यांची नावं घोकून घेऊ नका. भिंतीवर चंद्राच्या कलांची पट्टी लावा. राखी पूर्ण चंद्राखाली, लक्ष्मीपूजन काळ्या गोलाखाली, रमजान ईद बारीक कोरीखाली. ‘ईद यंदा लवकर कशी?’ असं कुणी विचारलंच, तर ती दरवर्षी सुमारे 11 दिवस आधी येते, एवढं उत्तर पुरतं. संक्रांत आणि नाताळ या पट्टीवर बसत नाहीत. त्यांना साधं कॅलेंडर.

शाडूचा गणपती आदल्या दिवशी करायला घेणं ही दुसरी मोठी चूक. मूर्ती किमान आठवडाभर आधी करा. वीतभर मूर्तीचा हट्टही नको. चार इंचांच्या गणपतीला मुलामागे पाव किलो माती पुरते. पाणी चमच्याने घाला. बोटाएवढी वळी करून वाकवून बघा: चिरली तर माती कोरडी, हाताला चिकटली तर सैल. सोंड आणि हात गळून पडतात, कारण मुलं ते नुसतेच दाबून बसवतात. दोन्ही बाजू काडीने खरवडून, मध्ये शाडूचा पातळ लगदा लावून मग जोडा. मूर्ती उन्हात किंवा पंख्याखाली ठेवली की बाहेरची माती आधी सुकून आकसते, आतली ओलीच राहते आणि पोटाला तडा जातो. पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, नंतर सावलीत. धड जाड असेल तर खालून चमच्याने पोकळ करा. विसर्जनाची घाईही नको: पूर्ण वाळलेला शाडू बादलीत भराभर विरघळतो, अर्धवट ओला गोळाच्या गोळा राहतो आणि मुलं हिरमुसतात.

संजा आणि भोंडला एकाच दिवशी उरकू नका. संजा ही माळव्यातल्या मुलींची भिंतीवरची चित्रं, पितृपक्षात शेणाफुलांनी काढलेली. भोंडला नवरात्रात, पाटावरच्या हत्तीभोवती. मुलग्यांनाही फेरात घ्या.

‘तुमच्याकडे हा सण का नाही?’ हा प्रश्न नकोच, आणि एखाद्या मुलाला उभं करून त्याच्या धर्माचा प्रवक्ताही करू नका. पाच वर्षांच्या पोराला ते ठाऊक नसतं. ‘सणाला घरी तुझं काम काय?’ असं विचारा. मग रांगोळीला रंग देणं, शेवयांचं ताट शेजारी पोचवणं, असं सगळं आपोआप निघतं.

खाऊआधी पालकांना विचारून घ्या. तीळ किंवा दाणे काहींना सोसत नाहीत. बालवाडीत कडक चिक्की आणि अख्खे दाणे मुळीच नकोत, घशात अडकतात. मऊ वडी द्या. गणपतीच्या दिवसांत दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्व असतं, त्यात बटाट्यासारखी कंदमुळं टाळतात, तेव्हा डब्यात बटाटेवडा ठेवण्याआधी चौकशी करा.