पाकीटबंद मांस विकायला निघालात? मग या चुका टाळा

मराठवाड्यातला ग्राहक मटण घेताना बोकड कोणते, ते कधी कापले आणि तुकडे मांडीचे आहेत की बरगडीचे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. उस्मानाबादी बोकडाच्या नावाखाली भलतेच गळ्यात मारले जाऊ नये म्हणून रविवारी सकाळी खाटकाच्या ओट्यासमोर उभा राहणारा हा माणूस बंद पाकिटातल्या कबाबावर सहजासहजी विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने तो ठेवू नये असेच माझे मत आहे. पाकिटाच्या बाबतीत त्याच्या डोळ्यांचे काम लेबलला करावे लागते. लातूर, परभणी, नांदेड या भागांत फ्रोझन कबाब, खिमा, मटणाचे लोणचे असे उद्योग सुरू करणाऱ्या तरुणांना आणि बचत गटांना मी लेबल व परवान्याच्या कामात मदत करतो. त्याच त्या चुका निस्तरून वैताग आला आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

दुसऱ्याचे लेबल उतरवून घेणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. नवा उद्योजक बाजारातून एखाद्या मोठ्या कंपनीचे पाकीट आणतो, मागची घटकांची यादी जशीच्या तशी डिझाइनवाल्याकडे देतो आणि दोन दिवसांत पाच हजार पाकिटे छापून मोकळा होतो. पाककृती अजून पक्की झालेली नसते, पण लेबल मात्र तयार असते.

अशाच एका तरुणाने चिकन कबाबांचे पाकीट काढले होते. त्यावर सोया प्रथिने होती, फॉस्फेट होते, म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात कधीही न आलेल्या वस्तू होत्या. उलट त्याच्या आईच्या पद्धतीप्रमाणे कबाब बांधून यावेत म्हणून तो जे भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट घालत असे, त्याचा लेबलवर उल्लेखच नव्हता. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या एका मुलाच्या घरी ते पाकीट गेले. मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि त्याला रात्रीच दवाखान्यात न्यावे लागले. सुदैवाने उपचार वेळेवर मिळाले. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील पाकीट घेऊन आले. ते आरडाओरडा करणारे नव्हते, त्यांनी लेबलवर बोट ठेवून एवढेच विचारले, "यात शेंगदाणा कुठे लिहिला आहे, तेवढे दाखवा." त्या तरुणाकडे उत्तर नव्हते, आणि त्या गल्लीत त्याचे एकही पाकीट पुन्हा विकले गेले नाही.

नियम अवघड नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. ज्या घटकांची ॲलर्जी होऊ शकते, म्हणजे ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन वगैरे, त्यांचा वेगळा उल्लेख करावा लागतो. ब्रेडचा चुरा लावला असेल तर त्यात गहू आहे, बाहेरचा सॉस वापरला असेल तर त्यात बहुधा सोयाबीन आहे, हे डिझाइनवाल्याला कसे कळणार? माझी पद्धत जुनी आहे, पण तिने मला कधी दगा दिलेला नाही. ज्या दिवशी माल बनतो, त्या दिवशी काट्याशेजारी वही ठेवायची आणि पातेल्यात पडणारी प्रत्येक वस्तू वजनासह लिहायची. असे चार-पाच घाणे सारखे निघाले की मग त्या वहीवरून लेबल तयार करायचे. याला महिनाभर लागतो असे सांगितले की अर्धे लोक पुन्हा फिरकत नाहीत. न फिरकलेलेच बरे.

मटणात चिकन मिसळून 'मटण सीख' छापणे

याने कोणी आजारी पडत नाही, हे या लोकांचे लाडके समर्थन असते. २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बीफ बर्गरचे २७ नमुने तपासले, तेव्हा १० नमुन्यांत घोड्याचा आणि २३ नमुन्यांत डुकराचा डीएनए सापडला. तेथेही मुख्य प्रश्न आजाराचा नव्हता, तरीसुद्धा युरोपभर दुकानांच्या फळ्यांवरून माल उतरवावा लागला, कारण लेबलवर एक आणि आत दुसरेच, हे लोकांना सहन झाले नाही. आपल्याकडे तर कोणते मांस खायचे आणि कोणते नाही हा श्रद्धेचा विषय आहे, आणि शंकेची ठिणगी पडली की ती कोणाच्या दारात जाऊन पोहोचेल याचा नेम नसतो. मांस कोणत्या प्राण्याचे आहे हे डीएनए चाचणीने कळते, आणि ती करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची मांस संशोधन संस्था लांब कोठे नाही, हैदराबादजवळ चेंगीचर्ला येथे आहे. मिश्रण करायचे असेल तर खुशाल करावे, मात्र ते नावात आणि यादीत लिहावे. एखादा घटक शब्दांत किंवा चित्रात ठळकपणे मिरवला असेल, तर त्याचे शेकडा प्रमाणही छापावे लागते, हे बहुतेकांना ठाऊकच नसते.

तारीख पाहणे, पण थंडी न पाहणे

लेबलवरची अंतिम तारीख ही अटींसह दिलेली असते. माल उणे १८ अंशांवर राहिला तरच ती खरी. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि पाकीट तुमच्या हातून सुटले की ते दुकानदाराच्या फ्रीझरच्या भरवशावर असते. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. माल मऊ पडला की पुन्हा वाढू लागतात.

एका तालुक्याच्या गावातून तक्रारी येत होत्या की कबाब तव्यावर फुटतात आणि आंबूस वास येतो. उत्पादक बिचारा मसाला बदलून पाहत होता, चिकन पुरवणाऱ्याशी भांडत होता. मी त्याला एक साधा उपाय सांगितला. छोट्या डब्यात पाणी गोठवायचे, त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि झाकण लावून डबा दुकानदाराच्या फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवायचा. आठवड्याने पाहिले तेव्हा वर घट्ट बर्फ होता आणि नाणे डब्याच्या तळाशी गेलेले होते. म्हणजे मधल्या काळात सगळे पाणी झाले होते आणि मग पुन्हा गोठले होते. दुकानदाराला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "रातच्याला बंदच ठेवतो की. एवढं बिल कोण भरणार?" पाकिटावरची तारीख संपायला तेव्हा चार महिने बाकी होते.

तेव्हापासून नवीन दुकानाला माल देण्यापूर्वी नाण्याचा डबा ठेवा, असेच मी सर्वांना सांगतो. थर्मामीटर लावला तर उत्तमच, पण तो लावणारे आणि त्याची नोंद ठेवणारे मला फार थोडे भेटले आहेत. पाकीट हलवून पाहण्याची सवयही ठेवावी. आतले तुकडे सुटे खुळखुळले पाहिजेत. एकच गोळा झाला असेल किंवा एका कोपऱ्यात बर्फाचा थर साचला असेल, तर तो माल वितळून पुन्हा गोठलेला आहे. असा माल परत घ्या आणि नष्ट करा. नवे लेबल चिकटवून तो दुसऱ्या दुकानात पाठवणाऱ्यांशी मी व्यवहार ठेवत नाही.

'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' आणि गुलाबी सॉसेज

शिजवल्यावरही गुलाबी राहणारे सॉसेज आणि सलामी यांचा रंग ताजेपणाचा नसतो, तो नायट्राइट या मांस टिकवणाऱ्या रसायनाचा असतो, म्हणजे लेबलवर आयएनएस २५० या सांकेतिक क्रमांकाने लिहिलेल्या घटकाचा. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना रोखण्यासाठी तो उपयोगी आहे, पण प्रमाण चुकले तर विषारी आहे आणि दिसायला मिठासारखाच असतो. घरच्या ओट्यावर, चिमटीच्या मापाने तो वापरू पाहणाऱ्याला माझा एकच सल्ला असतो की सॉसेजचा नाद सोडा आणि खिमा विका. पुडीतून नायट्राइट घालायचे आणि पुढे 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असे छापायचे, ही तर सरळ फसवणूक आहे. 'आरोग्यदायी' हा शब्दही जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे आणि रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले आहे. हे वाचलेला ग्राहक आता परभणीतही भेटतो.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या गोष्टी

मांसाहाराची खूण म्हणून तपकिरी गोल छापू नका. रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांसाठी २०२० च्या लेबल नियमांत तो बदलून चौकटीतला तपकिरी त्रिकोण झाला आहे, पण इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या नमुन्यांत अजून गोलच असतो.

एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक ही कायदेशीर नोंद आहे. तो दर्जाचा दाखला असल्यासारखा जाहिरातीत मिरवू नका.

नुसते 'बेस्ट बिफोर' छापून भागत नाही. उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख दोन्ही हव्यात, आणि तारखेवर स्टिकर चिकटवलेले पाकीट मी तर विकतही घेत नाही.

बर्ड फ्लूची बातमी आली की 'आमच्या चिकनला धोका नाही' असे संदेश फिरवू नका. २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला कोंबड्यांच्या आणि २०२५ मध्ये उदगीरला कावळ्यांच्या निमित्ताने लोकांनी तो धसका घेतलेला आहे. त्यापेक्षा चिकन कोठून आले ते लिहा आणि आतपर्यंत नीट शिजवायला सांगा. ७० अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही.

तक्रार आली की पाकीट परत घेऊन फेकून देणे

माल बदलून दिला, विषय संपला, असे समजू नये. अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो, आणि माल नियमात न बसणारा निघाला तर ते शुल्क त्याला परत मिळते. त्या वेळी तुमच्या हातात काय असणार? मी प्रत्येक घाण्यातली दोन पाकिटे अंतिम तारीख उलटेपर्यंत बाजूला ठेवायला लावतो आणि तक्रार आली की आधी बॅच क्रमांक विचारायला सांगतो. त्या क्रमांकावरून वहीतले पान उघडते, कोणत्या दुकानात माल गेला ते कळते आणि उरलेली पाकिटे त्याच दिवशी उचलता येतात. लेबलवर तक्रारीसाठी फोन क्रमांक द्यावाच लागतो. तो डिझाइनवाल्याचा किंवा पुण्यात शिकणाऱ्या भाच्याचा नसावा. ज्याच्याकडे ती वही आहे, त्याचाच असावा.