पन्हळ बदलताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात. आठ दिवसांत आंबे, लग्नं आणि घराची कामं उरकायची असतात. मग पन्हळीचा निकाल अंगणात उभ्याउभ्या लागतो. "गेल्या साली गळत होती, काढून नवी टाका," नाहीतर "डांबर फासा, यंदाचं भागेल." शिडी कोणीच लावत नाही. गणपतीला तीच माणसं परत येतात तेव्हा ओटीवर बादल्या मांडलेल्या असतात. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पन्हळ गळली की मला हाक येते. दरसाल त्याच चुका बघून जीव कळवळतो, कारण पैसा कष्टाचा असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाणी पन्हळीपाशी पडतं म्हणून दोष पन्हळीला देणं. शेजारच्या घरी 40 फुटांची पत्र्याची पन्हळ उतरवून पीव्हीसीची बसवली. पहिल्याच मोठ्या सरीला भिंतीवर धार पूर्वीसारखीच! वर चढून पाहिलं, तर वाशांची टोकं कुजलेली. त्यामुळे वाशांच्या तोंडावरची फळी पुढे कलली होती, तिच्याबरोबर पन्हळही पुढे सरकली होती, आणि कौलांवरून उतरणारं पाणी फळीच्या मागून सरळ भिंतीवर येत होतं. जुनी पन्हळ मागच्या पडवीत पडली होती. तिच्या एका तुकड्याची दोन्ही तोंडं चिखलाने बुजवून मी पाणी भरलं. अर्ध्या तासानेही खालून तळ कोरडाच! चांगली पन्हळ उतरवली गेली होती आणि कुजके वासे तसेच राहिले होते. चार वाशांची टोकं बदलणं हे सुताराचं दोन दिवसांचं काम, पण भर आषाढात सुतार मिळेना. त्या घराने सगळा पावसाळा ताडपत्रीखाली काढला.

म्हणून माझी सवय अशी: कोरड्या दिवशी आधी नुसत्या पन्हळीत बादलीभर पाणी सोडायचं आणि खालून बघायचं. मग कौलांवर ओतायचं. दुसऱ्या वेळीच गळलं, तर पन्हळीला हात लावू नका. कौलं, वासे आणि फळी बघा.

दुसरी चूक आमच्याच घरात सात वर्षं झाली. दर मेमध्ये गळक्या जागी डांबर फासायचं. वरून पन्हळ काळीभोर, धडधाकट दिसायची. पण डांबराला चीर गेली की ओल आत शिरते आणि उन्हातही सुकत नाही. पत्रा झाकल्या जागी गंजत राहतो, वर थरावर थर चढून वजन वाढतं. एका जुलैच्या रात्री मधला तुकडा हुकांतून तुटून खाली आला. सकाळपर्यंत जोत्यालगतची मातीची भिंत हातभर उंच भिजून फुगली होती. पत्र्याचे पैसे वाचवायला गेलो आणि भिंत बांधावी लागली. तेव्हापासून डांबराचा डबा मी घरात ठेवलेला नाही.

आता मी तळ खरवडून पेचकसाने दाबून बघतो. फक्त सांधा गळत असेल तर तो उघडून, घासून, नव्या रिव्हेट मारून सील करायचा. बदलायचं कारण नाही. 10 फुटी तुकड्यात एखादं भोक असेल तर ठिगळ चालतं. तीन ठिकाणी पेचकस आरपार गेला तर तेवढा तुकडा बदला. अख्खी रांग तेव्हाच काढा, जेव्हा बहुतेक तुकडे असेच निघतात.

ओल्या पत्र्यावर सिलिकॉन लावू नका, धरत नाही.

पाणी साचतंय म्हणजे पन्हळ गेली असं नाही. बऱ्याचदा हूक वाकलेला असतो. गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी लावून 10 फुटाला अर्धा इंच उतार द्या.

पत्रा घेताना गेज विचारा. आकडा वाढला की पत्रा पातळ. 26 पेक्षा 24 जाड, आणि मी 24 चाच घेतो.

पीव्हीसी सांध्यात ठासून बसवू नका. 3 मीटरचा तुकडा तापमानात 30 अंशांचा फरक पडला की सुमारे 5 मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. जागा नसेल तर सांधा तडकतो, मग लोक मालाला नावं ठेवतात.

नवी रुंद पन्हळ आणि खाली उतरणारा पाइप जुनाच दोन इंची, हेही नेहमीचं. 50 चौरस मीटर छपरावर तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 5,000 लिटर पाणी उतरतं. पाइपाच्या तोंडाशी फणसाची दोन पानं अडकली तरी सगळं काठावरून सांडतं. मी मिरगाआधी एकदा आणि पहिल्या जोरदार पावसानंतर पुन्हा एकदा शिडी लावतोच.

बादलीची आणि पेचकसाची तपासणी एप्रिलमध्ये करा. तेव्हा सुतारही मोकळा असतो आणि लाकूडही कोरडं मिळतं.