जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेताय? मग या चुका टाळा

सदाशिव पेठेत मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की एक गोष्ट रोज दिसते. पहाटे पर्वती चढून येणारे, घरी वरण-भात-भाजी-कोशिंबीर नेमाने जेवणारे काका मल्टीव्हिटॅमिनची बाटली मागतात. आणि एकच डबा दोन वेळा पुरवून खाणारा, दिवसभर अभ्यासिकेत बसणारा एमपीएससीचा मुलगा फक्त डोकेदुखीची गोळी घेऊन जातो.

हे पुण्यापुरतं नाही. अमेरिकेत २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ५७.६ टक्के प्रौढांनी मागच्या महिनाभरात काही ना काही सप्लिमेंट घेतलेलं होतं. साठीपुढच्या बायकांत तर ८० टक्के. तिथेही घेणाऱ्यांत शिकलेले, व्यायाम करणारे, सिगारेट न ओढणारे जास्त. म्हणून ‘ते घेतात, बघा कसे ठणठणीत आहेत’ असं म्हणत त्यांची गोळी सुरू करणं ही पहिली चूक. त्यांची तब्येत बरीचशी पर्वतीच्या पायऱ्यांनी राखलेली असते.

सगळ्यात जास्त काळजी मला डी जीवनसत्त्वाची वाटते. सकाळी कॅबने हिंजवडी, दिवसभर एसी, रात्री घरी. अशांना ते कमी पडतं हे खरंच आहे. पण ६०,००० युनिटची कॅप्सूल साधारणपणे आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ‘व्हिटॅमिनच आहे’ म्हणून रोज एक घेणारे भेटतात. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असेल तर वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. उपाशीपोटी नको, जेवणानंतर घ्या. तूप-तेलाबरोबर ते नीट शोषलं जातं.

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की निम्मं काम तिथेच बिघडतं. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तास-दोन तासांनी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. थायरॉइडची गोळी घेत असाल तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवा. थायरॉइड आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढवण्याआधी हे तपासायला हवं.

शाकाहारी माणसाला, त्यातही मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला, बी-१२ कमी पडू शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर आधी रक्त तपासा. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व) घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. थायरॉइडचे आकडे त्याने चुकू शकतात.

सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून बीटा-कॅरोटीनच्या (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं त्या घटकाच्या) गोळ्या घेऊच नयेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आले तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या. कॅल्शियमच्या गोळीत डी असतं, मल्टीव्हिटॅमिनमध्येही असतं, आणि वर ती आठवड्याची कॅप्सूल. ही बेरीज सहसा कुणी केलेलीच नसते.