घरगुती कॉम्प्युटर रिपेअरिंग सुरू करताय? या चुका टाळा

नोकरी सांभाळून संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं घेतो, गोव्यातला फोंडा-डिचोली-साखळी हा माझा पट्टा. हल्ली शिकायला मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्याच चुका करतात ज्या मी करून बसलोय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मशीन स्लो झालं की फॉरमॅट. साखळीतल्या एका हार्डवेअर दुकानाचा पीसी आला होता, मालकांना विचारलं महत्त्वाचं काय आहे, म्हणाले फोटो तेवढे डी ड्राइव्हमध्ये, बाकी काही नाही. मी सी फॉरमॅट केला, विंडोज टाकलं, दीड तासात मशीन परत, पैसेही घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "बाब, म्हजी टॅली खंय?" (माझी टॅली कुठे?) टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याचा डेटा सी मध्येच होता, १ एप्रिलपासूनची सगळी बिलं. त्यांच्या लेखी टॅली म्हणजे डेस्कटॉपवरचं चित्र, डेटा कुठे बसतो ते मला माहीत असायला हवं होतं. रात्रभर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं, पण आत एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) होती, आणि फॉरमॅट करताना विंडोज एसएसडीला ट्रिम कमांड देतं, मग ती मोकळी झालेली जागा आतल्या आत पुसून टाकते, जुन्या हार्ड डिस्कसारखं मागे काही राहत नाही. शेवटी पाच रविवार त्यांच्या दुकानात बसलो, ते बिलबुक वाचून दाखवायचे, मी एंट्री मारायचो. माणूस एक शब्द वाकडा बोलला नाही, दुपारी जेवायलाही घातलं, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून मी "महत्त्वाचं काय" असं विचारतच नाही. "रोज काय काय उघडता ते माझ्यासमोर उघडून दाखवा" म्हणतो आणि वहीत लिहून घेतो. मग पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, एक्सटर्नल डिस्कवर, पंधरा दिवस ठेवतो आणि त्यांना सांगूनच पुसतो. नवी एसएसडी घालायची असेल तर जुनी डिस्क पुसायचीच नाही, तारीख लिहून त्यांच्या हातात द्यायची. मुलं म्हणतात एवढा वेळ कोण घालवणार, तर ज्याला तेवढा वेळ नाही त्याने दुसऱ्याच्या डेटाला हात लावू नये, माझं स्पष्ट मत आहे.

डिस्क टक टक वाजत असेल तर लगेच बंद करा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवून मरणारी डिस्क पुरती मारू नका.

बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप) चालू आहे का ते बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी किंवा मदरबोर्ड बदलण्याआधी बघा. नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो, आणि मग स्क्रीनवर ४८ आकडी की मागितली की तुम्ही आणि तो एकमेकांकडे बघत बसता. की बहुतेक वेळा त्याच्या अकाउंटमध्ये सापडते, पण पासवर्ड त्याला आठवला तर.

आता पाऊस. पुस्तकात किंवा यूट्यूबवर गोव्याचा पाऊस नसतो. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपला बुरशी येते, मोरजी-हरमलच्या बाजूला खाऱ्या हवेने पोर्ट आणि स्क्रू गंजतात. डेस्कटॉप नुसता बीप देत असेल तर आधी रॅम काढा, कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसा, निम्म्या केसेस तिथेच संपतात, नवीन रॅम विकायला धावू नका. भिजलेला लॅपटॉप आला की मुलांचा हात आधी पॉवर बटणावर जातो, "चालू होतो का बघूया". अरे, पाण्यापेक्षा पाण्यात वाहणारा करंट बोर्ड खातो! आधी बॅटरी काढा, मग उघडा, बॅटरी आतच बसवलेली असेल तर उघडून सगळ्यात आधी तीच काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवा, दोन दिवस पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही, आतलं मीठ आणि चहातली साखर तांदूळ कसे काढणार?

विजा चमकायला लागल्या की लोक प्लग काढतात पण राउटरकडून येणारी लॅनची वायर तशीच ठेवतात, आणि मग मदरबोर्डचा लॅन पोर्ट जळतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे मी मे महिन्यातच फोन करून सांगतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार असेल तर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायच्या आधी मीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर गडबड घराच्या वायरिंगमध्ये आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाच सुकलेला असतो.

क्रॅक (चोरीचं) विंडोज टाकू नका. पाचशे रुपयांसाठी दुसऱ्याच्या बँकिंगच्या मशीनमध्ये कुणाचा तरी व्हायरस घालताय तुम्ही.

गिऱ्हाइकाचे फोटो उघडायचे नाहीत. कॉपी झाली का ते फाइलींच्या संख्येवरून तपासा.

व्हिजिटचे पैसे फोनवरच सांगा, नातेवाइकांनाही. आणि गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात नवीन काम घेऊ नका, पार्ट वेळेवर येत नाहीत आणि लोकांना मुंबईहून मुलं येण्याआधी मशीन हवं असतं.