फोटोतला फौजी नेमका कोण, असं शोधलं

आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ दोघंही फौजेत होते, चेहरे सेम, त्यामुळे फोटोतला माणूस कोण यावर घरात कायम वाद. शेवटी काच-फ्रेम काढून फोटो १२०० डीपीआयवर (म्हणजे बारीक तपशीलही दिसतील असा) स्कॅन केला आणि चेहरा सोडून गणवेश बघत बसलो. बाहीवर दोन फिती, म्हणजे नायक (तीन असत्या तर हवालदार), पण नायक तर दोघंही होते. मग छातीवर सहा टोकांचा तारा, म्हणजे पदक, दिसलं, दुसऱ्या महायुद्धाचे हे तारे प्रत्यक्ष हातात पडले ते युद्ध संपल्यावर, आणि थोरल्यांच्या डिस्चार्जच्या (फौजेतून सुटल्याच्या) कागदावर साल १९४२! म्हणजे हे आजोबाच, खूप भरून आलं. तुम्हीही असा फोटो ओळखायला बसलात तर आधी फोटोच्या पाठीमागचा शिक्का बघा, आणि फोटो आरशासारखा उलटा छापलाय का तेही, बटणांवरून कळतं.