बी पेरायचं की तयार लादी अंथरायची? लॉन करताना या चुका टाळा

लॉन करायचं ठरलं की बी घ्यायचं की तयार गवताच्या लाद्या, हा प्रश्न येतो. मग हिशेब होतो तो दोनच गोष्टींचा. पैसे कमी असतील तर बी, घाई असेल तर लादी. इथेच घोडं पेंड खातं.

लादी घेतली की जमीन तयार करावी लागत नाही, ही समजूत मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता सरळ चीड येते. लादीबरोबर येणारी माती जेमतेम बोटभर जाडीची असते. पुढचं सगळं आयुष्य त्या गवताला तुमच्याच मातीत काढायचं असतं.

माझ्या बहिणीच्या घरी पंधरा दिवसांवर कार्यक्रम होता. बांधकाम नुकतंच संपलेलं, अंगणात सिमेंट आणि विटांचे तुकडे दबून घट्ट बसलेले. मी खणायला सांगितलं, पण कंत्राटदाराने वर दोन बोटं लाल माती पसरली आणि लाद्या अंथरल्या. कार्यक्रमाच्या दिवशी अंगण देखणं दिसलं. तिसऱ्या आठवड्यात कडा पिवळ्या पडल्या. मी एक कोपरा धरून उचलला, तर अख्खी लादी चटईसारखी हातात आली. मुळं खालच्या थरापर्यंत जाऊन आडवी वळली होती. त्यातच सांध्यांमधून लव्हाळ्याचं तण वर आलेलं, कारण त्याच्या गाठी जमिनीत तशाच होत्या. शेवटी सगळं काढून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा बहिणीचा चेहरा मला बघवत नव्हता.

म्हणून बी असो वा लादी, मी आधी पंधरा सेंटिमीटर खणतो, खडे वेचतो, चांगलं कुजलेलं खत मिसळतो. मग नुसतं पाणी देऊन दोन आठवडे थांबतो. जे तण उगवेल ते मुळासकट, गाठींसकट काढतो. लव्हाळा एका फेरीत संपत नाही, दुसरी लागतेच. हे दोन आठवडे कुणालाच नको असतात, पण मी ते सोडत नाही.

बी पेरणाऱ्यांची घाई वेगळी. मिश्र बियाण्यात रायगवत आठवड्याभरात उगवतं, ब्लूग्रासला मात्र तीन-चार आठवडेही लागतात. पहिली हिरवी झाक दिसली की लोक पाणी कमी करतात आणि मागून येणारं बी मोड फुटता फुटता वाळून जातं. वरचा अर्धा सेंटिमीटर सतत ओलसर हवा, त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी. पाइपची धार नको, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. दिवसा घरी कुणी नसेल तर बियांच्या भानगडीत पडू नका. उतारावरही मी लादीच घेतो.

सावलीत हरळी टिकत नाही, तिला सहा तास तरी ऊन हवं. लादी घातली तरी तेच. आणि शेजारी पाहिलेल्या बारीक पात्याच्या हरळीचं बी शोधत बसू नका. संकरित हरळीच्या कित्येक जातींना उगवणारं बी धरतच नाही, त्या लादीने किंवा काड्या लावूनच वाढवतात.

तण उगवू न देणारं औषध मारून त्यावर बी पेरू नका, तेही उगवणार नाही.

लाद्या आल्या त्याच दिवशी अंथरा. ढिगात त्या आतून तापतात आणि गवत पिवळं पडतं. विटांच्या थरात असतात तसे सांधे एकाआड एक सरकवून ठेवा, फट नको. पाणी लादीखालच्या मातीपर्यंत पोहोचलं का, हे मी कोपरा उचलूनच बघतो. दोन-तीन आठवड्यांनी तोच कोपरा हलकेच ओढायचा. सुटून आला तर कापणी पुढे ढकलायची.

पहिल्या कापणीत पात्याची एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची घेऊ नका. मशीनच्या पात्याला आधी धार लावून घ्या, बोथट पातं कोवळं रोप कापण्याऐवजी उपटून काढतं.