सोलापुरात बसून जगभरचं पारंपरिक संगीत कसं ऐकायचं? सनईपासून सुरुवात करा

जगातलं लोकसंगीत समजून घ्यायचंय म्हणून लोक यूट्यूबवर 'वर्ल्ड म्युझिक' टाकतात, तीन तासांची प्लेलिस्ट लावतात आणि दहा मिनिटांत सगळं एकसारखंच वाटायला लागतं, मग विषय तिथंच संपतो. त्या नावाखाली काय काय खपतं ते बघा, झोप लागायचं म्युझिक, ध्यानाचं म्युझिक, कुठल्यातरी बासरीखाली कीबोर्ड, आणि हल्ली तर मशीननं बनवलेलं पण. त्यापेक्षा एकच वाद्य धरा, आणि ते असं धरा की जे तुमच्या कानाला आधीपासून ओळखीचं आहे.

आपल्याला तर लांब जायची गरजच नाही ओ. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं हलगी ऐकलेली असते, तुळजापूरला संबळ, लग्नात सनई, आणि सुंदरी तर आपल्याच सोलापूर-अक्कलकोट भागातली, शहनाईपेक्षा छोटी, बाहेरच्या लोकांना फारशी माहीत पण नाही. मी सांगेन सनईच धरा, कारण ती लई लांबपर्यंत नेते.

सनईत फुंकायच्या टोकाला दोन पातळ पात्या असतात, फुंकलं की त्या एकमेकींवर थरथरतात आणि त्यातनं तो चिरका, मैदान भरून टाकणारा आवाज येतो. याच जातीची वाद्यं म्हणजे तमिळनाडूत नादस्वरम, तुर्कस्तानात झुर्ना, मोरोक्कोत घैता, चीनमध्ये सुओना. पहिल्यांदा झुर्ना ऐका. तिच्याबरोबर दावुल नावाचा मोठा ढोल असतो, एका बाजूला जाड काठी आणि दुसऱ्या बाजूला बारीक छडी, म्हणजे हलगीवाल्याच्या दोन हातांतल्या काठ्या आठवतात की नाही बघा. मग सुओना. मग शेवटी आर्मेनियाचं दुदुक, ते जर्दाळूच्या लाकडाचं असतं, पाती रुंद आणि नळी सरळ, त्यामुळं आवाज एकदम मऊ, घरात बसून ऐकायचा. दुदुकमध्ये एक जण चाल वाजवतो आणि दुसरा सगळा वेळ एकच सूर धरून बसतो, गालात हवा साठवून, मध्ये श्वास न तोडता. आपल्याकडं सनईला सूर धरणारा जोडीदार असतो तेच काम, फक्त हजारो मैल लांब. एवढं एक लक्षात आलं तरी पहिला आठवडा वसूल.

शोधायची पद्धत महत्त्वाची आहे. इंग्रजीत नाव टाकलं की पर्यटकांसाठी केलेले व्हिडिओ वर येतात. विकिपीडियावर वाद्याचं पान उघडा, तिथनं त्या देशाच्या लिपीतलं नाव कॉपी करा, चिनी असो आर्मेनियन असो, वाचता नाही आलं तरी चालतं, आणि तेच यूट्यूबवर पेस्ट करा. मग येतात खरे व्हिडिओ, लग्नात कुणीतरी मोबाईलवर घेतलेले, मागं पोरं पळतायत, आवाज फाटलाय. तेच बघायचं. कोण उभं आहे, कोण बसलंय, लोक नाचतायत का रडतायत, पैसे कुणाच्या हातात जातायत. सुओना उत्तर चीनमध्ये लग्नातही वाजते आणि मयतीतही, म्हणजे प्रसंग न बघता नुसता आवाज ऐकला तर निम्मं काही कळतच नाही.

आणि हे विचाराच की वाजवणारे कोण आहेत. तुर्कस्तानात आणि बाल्कन भागात दावुल-झुर्ना वाजवणारे बरेचदा रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात) समाजाचे असतात, लग्न त्यांच्याशिवाय होत नाही पण गावात मान मात्र नाही. चीनमध्येही सुओनावाल्यांना पूर्वी खालचंच समजायचे. आपल्याकडं हलगी कुणाच्या गळ्यात होती आणि पंगतीत त्यांना कुठं बसवायचे हे मी सांगायला पाहिजे असं नाही. मला विचाराल तर रागदारीच्या तुलनेपेक्षा हा प्रश्न जास्त काही शिकवतो.

तालाचं थोडक्यात सांगतो. हातावर मोजत ऐका. आपला रूपक ताल सात मात्रांचा, ३-२-२. बल्गेरियातल्या राचेनित्सा नाचाच्या पण सातच, पण २-२-३, म्हणजे मोठा तुकडा शेवटी. दोन्ही टाळीनं करून बघा, पहिल्यांदा हात अडखळणारच. तुर्कस्तानात नऊचा प्रकार आहे, २-२-२-३. सुरांच्या बाबतीत एकच सूचना, हार्मोनियमवर जुळवत बसू नका. अरबी गाण्यातले काही सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडतात, आणि इंडोनेशियातल्या जावाच्या गामेलानचा, म्हणजे घंटा-झांजांसारख्या धातूच्या वाद्यांच्या ताफ्याचा, तर प्रत्येक संच वेगळा लावलेला असतो, त्याला बेसूर म्हणाल तर चूक त्यांची नाही.

चांगलं रेकॉर्डिंग कुठं मिळेल? स्मिथसोनियन फोकवेज बघा, १९४८ ला सुरू झालेली फोकवेज ही अमेरिकेतली रेकॉर्ड कंपनी १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेनं घेतली, आणि त्यांच्या जुन्या रेकॉर्डबरोबरच्या माहितीपुस्तिका साइटवर फुकट डाउनलोड होतात. मी तर म्हणतो आधी ती पुस्तिका वाचा, मग गाणं. इंग्रजी जड वाटलं तर फोनवर भाषांतर करून घ्या. अ‍ॅलन लोमॅक्स या अमेरिकन संग्राहकानं गावोगाव फिरून घेतलेली रेकॉर्डिंगं पण ऑनलाइन फुकट ऐकता येतात. युनेस्कोच्या वारसा यादीत एकेका परंपरेचा छोटा व्हिडिओ असतो, दुदुकचा पण आहे.

वाद्यं डोळ्यांनी बघायची असतील तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपली जुनी वाद्यं आहेत, आणि सतार-तंबोरा बनतो कसा हे बघायला मिरज आहेच, पंढरपूरवरनं रेल्वेनं जाता येतं. पण त्याच्या आधी लग्नाच्या मांडवात सनईवाले चहाला थांबतात ना, तेव्हा जाऊन बोला. फोनवर झुर्ना ऐकवा त्यांना. पात्या कशा, श्वास कुठं घेतला, हे ते दोन मिनिटांत सांगतील, पुस्तकात शोधत बसावं लागणार नाही.

सनईचं झालं की मग गोंधळ्यांवरनं पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेली गायक-वादकांकडं जा. तिथंही घराण्यांनीच इतिहास गाऊन सांभाळलाय, हातात कोरा नावाचं एकवीस तारांचं वाद्य. तुमानी जाबाते या कोरावादकाचं नाव टाका, ते २०२४ मध्ये गेले, त्यांचा १९८८ चा 'काइरा' अल्बम एकट्या कोऱ्यावर आहे. तो हेडफोन लावून ऐका, एकच माणूस वाजवतोय यावर आधी विश्वास बसत नाही.